एका लायब्ररीतील अनेक फायली : जावास्क्रिप्टच्या वाटचालीचा दस्तऐवजी मागोवा

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांचा, कंपन्यांचा आणि त्यांच्या संस्थापकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ज्या लिखित साधनांवर हा सारा व्यवहार उभा आहे, त्यांच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी अद्याप पुरेशी रुजलेली नाही. जुने कागदपत्र हाती आले की मूळ प्रत कोणती, नक्कल कोणती, ती कोणी व कशासाठी केली, हे प्रश्न अभ्यासक प्रथम विचारतो. संगणकाच्या आज्ञावलीबाबत मात्र ती चालते की नाही, एवढ्यावरच चौकशी थांबते. जावास्क्रिप्ट भाषेतील लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या कामात वापराव्यात म्हणून तयार करून ठेवलेल्या आज्ञावलींचे संग्रह, या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली जेक्वेरी या लायब्ररीची ३.७.१ ही आवृत्ती उदाहरणादाखल घेता येईल. तिच्या पॅकेजमधील वितरणाच्या फोल्डरमध्ये सहा फायली आढळतात : जेक्वेरी.जेएस, जेक्वेरी.मिन.जेएस, जेक्वेरी.मिन.मॅप आणि याच तिघींची 'स्लिम' नावाची भावंडे. त्याबाहेर पॅकेज.जेसन, बॉवर.जेसन, परवान्याची फाईल, लेखकांच्या नावांची यादी, परिचयपर रीडमी आणि मूळ लेखनाचे तुकडे असलेले वेगळे फोल्डर असते. आपल्या संकेतस्थळासाठी एक फाईल हवी असलेला नवखा वापरकर्ता येथे गोंधळतो, आणि ते स्वाभाविक आहे. या फायली एकाच योजनेतून एकाच वेळी जन्माला आलेल्या नाहीत. प्रत्येक फाईल एखाद्या विशिष्ट काळातील अडचणीचे उत्तर म्हणून आली. अडचण संपल्यावरही ती बहुधा तेथेच राहिली. त्यांतही माणसाने वाचावयाची प्रत आणि यंत्राने चालवावयाची प्रत यांची जी फारकत झाली, ती या इतिहासातील सर्वांत दूरगामी घटना होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

एकाच फाईलचा काळ

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत या भाषेचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत सिद्ध केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'जावास्क्रिप्ट' हे नाव जाहीर झाले आणि जून १९९७ मध्ये एक्मा या संस्थेने तिचे पहिले प्रमाणक प्रसिद्ध केले. प्रारंभी या भाषेकडून अपेक्षा फार माफक होत्या. अर्जातील रिकामा रकाना दाखवून देणे, चित्र बदलणे, असली किरकोळ कामे तिच्याकडे असत आणि तेवढा मजकूर संकेतस्थळाच्या पानातच लिहिला जाई. तो कोणालाही उघडून वाचता येई. त्या पिढीतील कित्येकांनी ही भाषा इतरांची पाने उघडून, नकलून आणि मोडतोड करूनच आत्मसात केली.

फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी 'एजॅक्स' ही संज्ञा रूढ केली. संपूर्ण पान पुन्हा न मागवता त्याचा काही भागच बदलण्याची ही रीत होती. तिच्यामुळे जावास्क्रिप्टवरील कामाचा भार एकाएकी वाढला. वेगवेगळ्या ब्राउझरांच्या वेगवेगळ्या तऱ्हा सांभाळणारी मध्यस्थ लायब्ररी ही गरज झाली. प्रोटोटाइप ही लायब्ररी २००५ मध्ये आली. जॉन रेसिग यांनी जेक्वेरी जानेवारी २००६ मध्ये लोकांपुढे मांडली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिची १.० ही आवृत्ती निघाली. लायब्ररी म्हणजे एक फाईल, ती आपल्या सर्व्हरवर ठेवावी आणि पानातून तिचा उल्लेख करावा, इतका सरळ हा व्यवहार होता.

संकोचनाचा प्रश्न

एका फाईलच्या दोन फायली झाल्या त्या वजनामुळे. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, ती टेलिफोनच्या तारेवरूनच; आणि पुढे कित्येक वर्षे भारतातच नव्हे तर अमेरिकेतही असंख्य घरांतील जोडणी तशीच होती. ५६ किलोबिट वेगाच्या मोडेमवरून सेकंदाला फार तर सात किलोबाइट मजकूर येतो. या हिशेबाने शंभर किलोबाइटच्या फाईलला चौदा सेकंदांहून अधिक वेळ लागे. फाईलमधील समासातील मोकळी जागा, ओळींचे विभाजन आणि लेखकाच्या टिप्पण्या यांचा यंत्राला काडीचा उपयोग नसतो. त्या काढून टाकणारी साधने या गरजेतून निघाली. डग्लस क्रॉकफर्ड यांचे जेएसमिन हे त्यांपैकी सर्वांत साधे. डीन एडवर्ड्स यांचा 'पॅकर' त्यापुढे गेला : त्याने वारंवार येणाऱ्या शब्दांना सांकेतिक खुणा दिल्या आणि सारा मजकूर गुंडाळून टाकला. ब्राउझरने तो प्रथम उलगडावा आणि मग चालवावा, अशी ती योजना होती.

जेक्वेरीच्या प्रारंभीच्या आवृत्त्या साध्या, संकुचित आणि 'पॅक' केलेल्या अशा तिन्ही रूपांत मिळत. पैकी तिसरे रूप आकाराने सर्वांत लहान असूनही अल्पायुषी ठरले. फाईल लवकर पोचे, परंतु प्रत्येक पानावर ती नव्याने उलगडण्यात ब्राउझरचा वेळ जाई. सर्व्हरनेच प्रवासापुरती फाईल दाबून पाठवावी आणि ब्राउझरने ती आपोआप पूर्ववत करावी, ही जीझिपची सोय तोवर सार्वत्रिक होत आली होती. जानेवारी २००९ मध्ये १.३ ही आवृत्ती प्रसिद्ध करताना जेक्वेरीच्या चमूने पॅक केलेली फाईल देणे थांबवले. संकुचित रूप मात्र टिकले आणि त्याचे तंत्र अधिक प्रगत झाले. याहू कंपनीत २००७ मध्ये तयार झालेला वाययूआय कॉम्प्रेसर आज्ञावलीचे व्याकरण समजून घेऊन तिच्यातील स्थानिक चलांची नावे एका-दोन अक्षरांवर आणी. गूगलने नोव्हेंबर २००९ मध्ये क्लोजर कम्पायलर खुला केला आणि २०१० मध्ये अग्लिफायजेएस आले. त्याच्या नावातच 'कुरूप करणे' हा अर्थ आहे, आणि नाव प्रामाणिक आहे.

३.७.१ या आवृत्तीत वाचनीय फाईल सुमारे २८५ हजार बाइटची आणि संकुचित फाईल सुमारे ८७ हजार बाइटची आहे. ही बचत निव्वळ पसारा आवरल्याने झालेली नाही. तिच्यात नावांचा आणि टिप्पण्यांचा बळी गेलेला आहे. मराठी अभ्यासकाला येथे मोडी लिपीची आठवण होणे साहजिक आहे, परंतु साम्य वरवरचे आहे. मोडीत वेगासाठी अक्षरांची वळणे बदलली, शब्द तेच राहिले. लिपी अवगत असलेल्याला पत्रातील मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. संकुचित फाईलमध्ये 'निवडलेला घटक' या अर्थाच्या नावाच्या जागी केवळ 'ई' उरतो. ती पुन्हा ओळींत मांडणारी साधने आहेत, पण गेलेली नावे ती परत आणू शकत नाहीत. लेखकाने अमुक ब्राउझरच्या अमुक दोषासाठी ही ओळ घातली, अशी जी टिप्पणी वाचनीय प्रतीत असते, तीही कायमची गेलेली असते.

एक टिप्पणी मात्र संकुचित फाईलच्या माथ्यावर टिकून राहते : लायब्ररीचे नाव, आवृत्ती, हक्कधारक आणि परवान्याचा पत्ता. टिप्पणीच्या आरंभी उद्गारचिन्ह घातले तर साधनाने ती काढू नये, असा संकेत वाययूआय कॉम्प्रेसरपासून रूढ झाला. त्यामागे कायदा आहे. एमआयटी परवान्यानुसार हक्काची सूचना प्रत्येक प्रतीसोबत असणे बंधनकारक आहे. हस्तलिखित पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते, तशी ही ओळ. जागा तेवढी बदलली.

वाचनीयतेची भरपाई

संकुचित फाईलमध्ये दोष उद्भवला की 'ओळ क्रमांक एक, अक्षर क्रमांक चाळीस हजार' अशी निरुपयोगी माहिती हाती येई. त्यावर उपाय म्हणून 'सोर्स मॅप' ही तिसरी फाईल आली. संकुचित प्रतीतील कोणते स्थान मूळ प्रतीतील कोणत्या ओळीशी जुळते, याची ती सारणी असते. तिचे तिसरे स्वरूप २०११ मध्ये गूगल व मोझिला येथील अभियंत्यांनी मांडले आणि पुढे तेच सर्वत्र चालले. ते औपचारिक प्रमाणक मात्र एक्मा-४२६ या क्रमांकाने डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी झाले.

या फाईलच्या वाट्याला आलेली एक अडचण नमूद करण्याजोगी आहे. संकुचित फाईलच्या शेवटी एका टिप्पणीत नकाशाच्या फाईलचे नाव देण्याची पद्धत पडली, आणि त्या टिप्पणीचा आरंभ दोन तिरक्या रेघा व 'ॲट' या चिन्हाने होई. नेमके हेच चिन्ह इंटरनेट एक्सप्लोररमध्ये सशर्त आज्ञांसाठी राखलेले होते. ब्राउझरने दुर्लक्ष करावे म्हणून लिहिलेली ओळ एका ब्राउझरने आज्ञा म्हणून वाचली. पुढे ते चिन्ह बदलून 'हॅश' करण्यात आले. जेक्वेरीने जानेवारी २०१३ मधील १.९ या आवृत्तीपासून ही टिप्पणी दिली होती. लोक संकुचित फाईल उचलून नेत, तिचे नाव बदलत, नकाशा मागेच ठेवत आणि मग न सापडणाऱ्या फाईलची तक्रार करीत. वर्षभरातच ती ओळ काढण्यात आली. नकाशाची फाईल राहिली, तिच्याकडे जाणारी पाटी गेली. वितरणाच्या फोल्डरमध्ये जेक्वेरी.मिन.मॅप आजही आहे आणि बहुतेक वापरकर्ते तिला हात लावत नाहीत.

'स्लिम' जोडीचा खुलासा थोडक्यात करता येतो. जून २०१६ मधील ३.० या आवृत्तीपासून एजॅक्स आणि दृश्यपरिणाम यांचे भाग वगळलेली ही प्रत दिली जाऊ लागली. ज्या एजॅक्समुळे लायब्ररींचा उदय झाला, ते काम तोवर इतर मार्गांनी होऊ लागले होते. रिॲक्ट या लायब्ररीने वेगळी विभागणी केली. सप्टेंबर २०१७ मधील १६ व्या आवृत्तीपासून 'डेव्हलपमेंट' आणि 'प्रॉडक्शन' अशी फायलींना नावे आली. विकसनाच्या प्रतीत चुका दाखवणाऱ्या सूचना असतात, दुसरीत त्या नसतात. येथे दोन प्रतींत केवळ आकाराचा फरक उरलेला नाही. त्यांचे वर्तनही भिन्न आहे.

मोड्यूलांच्या परंपरा

मोठी आज्ञावली लहान लहान मोड्यूलांत विभागण्याची व्याकरणात सोयच नसणे, हे जावास्क्रिप्टचे जन्मजात वैगुण्य होते. ती उणीव वेगवेगळ्या गटांनी आपापल्या परीने भरून काढली. रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड.जेएस तयार करून ही भाषा सर्व्हरवर आणली आणि तेथे त्याच वर्षी पुढे आलेला कॉमनजेएस हा संकेत स्वीकारला गेला. ब्राउझरमध्ये फाईल दुरून यावयाची असल्याने थांबून राहणे परवडत नाही. म्हणून एएमडी हा दुसरा संकेत रूढ झाला. जुन्या रीतीने पानातून थेट उल्लेख करणारेही होतेच. लायब्ररीच्या कर्त्याने कोणाला नाराज करावे? यातून यूएमडी हा तोडगा निघाला. फाईलच्या आरंभीच्या काही ओळी आपण कोणत्या वातावरणात आहोत याचा अंदाज घेतात आणि त्या त्या रीतीप्रमाणे लायब्ररी हवाली करतात. एका फाईलने तिन्ही घरच्या चालीरीती सांभाळल्या.

जून २०१५ मधील प्रमाणकात मोड्यूलांची अधिकृत व्यवस्था आली तेव्हा हा तोडगा अपुरा पडला. आधीचे तिन्ही संकेत साध्या फलनांच्या आधारे लिहिता येत असल्याने एकत्र नांदू शकत. नवी व्यवस्था प्रत्यक्ष व्याकरणाचा भाग होती : तिची विधाने फाईलच्या सर्वांत वरच्या स्तरावरच लिहावी लागतात, अट घालून आत दडवता येत नाहीत, आणि जुन्या रीतीने फाईल वाचणारा ब्राउझर ती पाहताच चूक दाखवतो. म्हणून वेगळी फाईल अटळ झाली. 'ईएसएम' असे नाव धारण करणाऱ्या किंवा 'एमजेएस' या अंत्याक्षरांच्या ज्या फायली अलीकडच्या पॅकेजांत दिसतात, त्यांचे मूळ येथे आहे. काही वर्षे लायब्ररींना एकच मजकूर तीन-चार रूपांत वाहावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये रिॲक्टच्या १९ व्या आवृत्तीने यूएमडी प्रती देणे बंद केले, तेव्हा तेथे हे ओझे थोडे हलके झाले.

या सर्व रूपांतून कोणते उचलावे हे सांगण्याचे काम पॅकेज.जेसन करते. जानेवारी २०१० मध्ये पुढे आलेल्या एनपीएम या पॅकेज-व्यवस्थेची ती नोंदवही होय. नाव, आवृत्ती, परवाना, अवलंबित्वे आणि 'मेन' म्हणजे प्रवेशद्वाराची फाईल, हे तिच्यातील प्रमुख रकाने आहेत. शेजारची बॉवर.जेसन ही २०१२ मध्ये ट्विटरमधून निघालेल्या, आणि पुढे तिच्या कर्त्यांनीच इतर साधनांकडे वळण्याचा सल्ला दिलेल्या, प्रतिस्पर्धी व्यवस्थेची खूण आहे. बंद पडलेल्या टपालमार्गावरील मैलाच्या दगडासारखी ती उभी आहे.

आज्ञा नसलेली एक फाईल

परवान्याची फाईल सहसा कोणी उघडत नाही. तिचे सामर्थ्य किती असते हे रिॲक्टच्या उदाहरणावरून दिसले. फेसबुकने ऑक्टोबर २०१४ मध्ये रिॲक्टचा परवाना बदलून बीएसडी केला आणि सोबत 'पेटंट्स' नावाची छोटी फाईल जोडली. फेसबुकविरुद्ध पेटंटविषयक दावा करणाऱ्याचा पेटंटवापराचा हक्क संपुष्टात येईल, असा तिचा आशय होता. जवळजवळ तीन वर्षे ती फाईल प्रत्येक प्रतीबरोबर जगभर फिरली. जुलै २०१७ मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनने या परवान्याची सामग्री आपल्या प्रकल्पांत निषिद्ध ठरवली. सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसच्या प्रमुखांनी रिॲक्ट सोडण्याचा मनोदय जाहीर केला. त्यानंतर काही दिवसांतच फेसबुकने एमआयटी परवाना स्वीकारला आणि पेटंट्सची फाईल नाहीशी झाली. लायब्ररीतील एकही आज्ञा न बदलता हे सर्व घडले.

दोन प्रतींमधील अंतर

वाचनीय आणि संकुचित प्रत एकच मजकूर सांगतात, हे गृहीतक वरील सर्व व्यवहाराच्या मुळाशी आहे. २०१८ मध्ये त्याची कसोटी लागली. इव्हेंट-स्ट्रीम हे आठवड्याला दहा लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतले जाणारे पॅकेज होते. कर्त्याला त्यात रस उरलेला नव्हता. मदतीसाठी पुढे आलेल्या एका अनोळखी व्यक्तीला त्याने प्रकाशनाचा अधिकार दिला. विनामोबदला चालवलेल्या कामात हे अगदी सामान्य होते, आणि केवळ त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ९ सप्टेंबर २०१८ रोजी त्या व्यक्तीने ३.३.६ ही आवृत्ती काढून तीत फ्लॅटमॅप-स्ट्रीम या नव्या पॅकेजवरील अवलंबित्व घातले. त्या पॅकेजच्या ०.१.१ या आवृत्तीत घातक आज्ञा होत्या.

त्या आज्ञा कोठे होत्या, हे येथे महत्त्वाचे आहे. सर्वांना पाहता येणाऱ्या मूळ लेखनात त्या नव्हत्या. पॅकेजमधील वाचनीय फाईल निर्दोष होती. घातक भाग केवळ इंडेक्स.मिन.जेएस या संकुचित फाईलमध्ये होता, आणि पॅकेज.जेसनमधील 'मेन' हा रकाना त्याच फाईलकडे बोट दाखवीत होता. पुढची सामग्री कूटबद्ध करून चाचण्यांच्या फोल्डरमधील एका फाईलमध्ये, चाचणीची नमुना-माहिती असल्याच्या आविर्भावात ठेवलेली होती. ते कूट उघडण्याची किल्लीही वेगळी दिलेली नव्हती. जी आज्ञावली हे पॅकेज वापरील, तिच्या पॅकेज.जेसनमधील वर्णनाची ओळ हीच किल्ली होती. कोपे नावाच्या बिटकॉइन-पाकिटाची वर्णनओळ सापडली तरच कुलूप उघडे. इतर सर्वांच्या संगणकावर ते निपचित पडून राही. ज्या फायली वापरकर्ता कधीच उघडत नाही, नेमक्या त्याच निवडल्या गेल्या होत्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये हा प्रकार उघडकीस आला तोही फाईल वाचल्यामुळे नव्हे. नोडच्या नव्या आवृत्तीत कालबाह्य ठरलेले एक फलन त्या आज्ञा वापरीत होत्या. त्यामुळे पडद्यावर एक अनपेक्षित सूचना उमटू लागली, आणि ती कोठून येते याचा शोध घेताना मूळ सापडले.

संकुचित प्रतीविषयीचा संशय मात्र त्याआधीपासूनचा आहे. डेबियन या मुक्त संचालन-प्रणालीच्या कर्त्यांनी मूळ लेखनाशिवाय आलेली संकुचित जावास्क्रिप्ट फाईल मुक्त सॉफ्टवेअर म्हणून स्वीकारण्यास नकार दिलेला आहे. बदल करण्यासाठी लेखक स्वतः जे रूप हाती घेईल तेच मूळ लेखन, ही जीपीएल परवान्यातील व्याख्या त्यामागे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी २००९ मध्येच ब्राउझरमध्ये न कळत चालणाऱ्या अवाचनीय जावास्क्रिप्टकडे लक्ष वेधले होते. त्या वेळी बहुतेकांना तो तात्त्विक आग्रह वाटला. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या दाबणी-साधनात आढळलेला घातक भागही, तो जावास्क्रिप्टचा नसला तरी, याच वाटेने आला होता : सार्वजनिक मूळ लेखनात नसलेली बांधणीची एक फाईल वितरणाच्या गाठोड्यात होती आणि उरलेला ऐवज चाचण्यांच्या फायलींत होता.

एनपीएमने २०२३ मध्ये पॅकेजाला उद्गमाची स्वाक्षरीयुक्त नोंद जोडण्याची सोय केली. वितरित फाईल कोणत्या मूळ लेखनाच्या कोणत्या टप्प्यावरून व कोणत्या ठिकाणी बांधली गेली, हे तीवरून पडताळता येते. नोंद ऐच्छिक आहे. ती पॅकेज बांधून प्रसिद्ध करण्याच्या क्षणीच तयार होत असल्याने, त्यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या आणि आजही असंख्य संकेतस्थळांवर चालत असलेल्या आवृत्त्यांना ती मागाहून लावता येत नाही.